मुलीची देवी करताना : 'मादोका मागिका' आणि इतिहास

जयपूरहून मी पुन्हा एकदा तुमच्यासमोर हजर आहे. आजवर आपण किल्ले, मोहिमा, तह आणि लढाया यांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना झालंय तरी काय? आज मी एका जपानी कार्टून मालिकेबद्दल बोलणार आहे. तिचं नाव 'पुएला मागी मादोका मागिका'. बारा भागांचा एकच सीझन, २०११ सालचा. बारावीतल्या नातीने आग्रह धरला म्हणून पाहायला बसलो आणि दोन दिवसांत संपवली. संपल्यावर लक्षात आलं की यात भरती आहे, करार आहे, रसद आहे, बलिदान आहे आणि शेवटी देवत्वही आहे. म्हणजे इतिहासाच्या माणसाचंच हे काम.

एक सूचना आधीच देतो. मी गोष्ट शेवटपर्यंत सांगणार आहे. ज्यांना आधी मालिका पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं आणि पाहून झाल्यावर परत यावं.

थोडी पार्श्वभूमी

जपानमध्ये 'माहो शोजो' नावाचा एक कथाप्रकार आहे. शब्दशः अर्थ जादूची मुलगी. आपण जादूकन्या म्हणू. सुरुवात साधारण १९६६ साली 'जादूगार सॅली' या मालिकेने झाली. त्या काळी 'बिविच्ड' ही जादू येणाऱ्या गृहिणीची अमेरिकन मालिका जपानमध्ये लोकप्रिय होती. तिच्यावरून ही कल्पना सुचली. १९६९ मध्ये जादूच्या आरशाची 'अक्को-चान' आली. या सुरुवातीच्या मुली जादूने लोकांच्या छोट्या अडचणी सोडवायच्या. १९९२ मध्ये 'सेलर मून' आली आणि जादूकन्या लढवय्या झाली. पाच मुलींची तुकडी, गणवेश आणि राक्षसांशी सामना.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे २००० साली स्टार प्लसवर आलेली 'सोनपरी'. आपल्या मृणाल कुलकर्णी त्यात परी होत्या. फ्रूटीला अडचण आली की परी यायची आणि काम करून जायची. त्या मदतीचं बिल कधीच आलं नाही. 'मादोका' इथूनच वेगळी होते, कारण तिचा मुख्य विषयच ते बिल आहे.

गोष्ट थोडक्यात

मादोका आपल्या हिशेबाने आठवीतली मुलगी. घर सुखी. आई नोकरी करते, वडील घर आणि धाकटा भाऊ सांभाळतात. एक दिवस क्यूबे नावाचा पांढरा, मांजरासारखा प्राणी तिच्यासमोर येतो. त्याचा प्रस्ताव सरळ आहे. तुझी कोणतीही एक इच्छा मी पूर्ण करतो, बदल्यात तू जादूकन्या हो आणि चेटकिणींशी लढ.

मादोकाला आणि तिची मैत्रीण सायाकाला या कामाची ओळख करून देते ती तोमोए मामी. हे जपानी नाव आहे, आपल्या मामीशी त्याचा संबंध नाही. मात्र ही मामीसुद्धा चहा-केक खाऊ घालणारी, मायाळू आहे. तिसऱ्या भागात ती लढता लढता मारली जाते. एका क्षणात, कुठल्याही भाषणाशिवाय. तरीही सायाका करार करते. तिच्या आवडत्या मुलाचा हात अपघातात निकामी झालेला असतो आणि त्याने पुन्हा व्हायोलिन वाजवावं ही तिची इच्छा असते.

मग एकेक कलम उघड होत जातं. करार होताच मुलीचा आत्मा शरीरातून काढून एका रत्नात ठेवला जातो. ते रत्न निराशेने काळवंडत जातं. पूर्ण काळं झालं की तीच जादूकन्या चेटकीण होते. म्हणजे आज ज्यांच्याशी लढायचं त्या कालच्या मुलीच आहेत. हे सगळं कशासाठी? क्यूबेच्या जमातीला विश्वाची संपत चाललेली ऊर्जा भरून काढायची आहे, आणि किशोरवयीन मुलींची आशा निराशेत कोसळते तेव्हा ती ऊर्जा सर्वांत जास्त मिळते.

दहाव्या भागात कळतं की होमुरा नावाची गप्प, थंड मुलगी मादोकाला वाचवण्यासाठी तोच महिना पुन्हा पुन्हा जगते आहे. शेवटी मादोका इच्छा मागते की भूत, वर्तमान आणि भविष्यातली प्रत्येक चेटकीण जन्मण्याआधीच मी माझ्या हातांनी मिटवीन. ती निसर्गनियम बनते आणि जगाच्या आठवणीतून पुसली जाते. होमुरा तेवढी तिला विसरत नाही.

बलस्थान पहिलं : करार

मी तीसेक वर्षं फौजेत काढली. नव्या भरतीचे जवान पाहिले, त्यांना शपथ घेताना पाहिलं. त्यामुळे माझ्या मते या मालिकेचं सर्वांत मोठं बळ म्हणजे क्यूबे हे पात्र. तो कधी ओरडत नाही, धमकावत नाही, आणि मुख्य म्हणजे खोटंही बोलत नाही. तो फक्त सगळं सांगत नाही. मुली जाब विचारतात तेव्हा त्याचं उत्तर असतं की हा प्रश्न कुणी आधी केलाच नव्हता. जगातल्या फसव्या भरतीचा इतका अचूक नमुना मी गंभीर युद्धपटांतही क्वचित पाहिला आहे.

भरतीचा प्रस्ताव तो कधी ठेवतो तेही पाहा. मामी अपघातात मरणाच्या दारात असते. सायाका मित्राच्या दुःखाने हललेली असते. क्योकोच्या वडिलांची प्रवचनं कुणी ऐकत नाही आणि घरात उपासमार असते. माणूस सर्वांत असहाय असताना त्याच्यापुढे कागद सरकवायचा. अशा सहीला संमती म्हणायचं का? २००० साली संयुक्त राष्ट्रांनी बालसैनिकांविषयीचा करार मंजूर केला, अठरा वर्षांखालच्या कुणालाही प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये म्हणून. भारतानेही तो २००५ मध्ये स्वीकारला. त्या कलमांमागचा विचार तरुणांना समजावून सांगायचा असेल तर या मालिकेचे पहिले नऊ भाग उपयोगी पडतील.

बलस्थान दुसरं : जपानचा स्वतःचा इतिहास

इथे मला ओकिनावाची आठवण होते. मालिका त्या घटनेवर बेतली आहे असा माझा दावा नाही. पण शाळकरी मुलींना लढाईत ढकलण्याचा विषय जपानला परका नाही.

मार्च १९४५. अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरण्याच्या बेतात होत्या. दोन शाळांमधल्या २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक यांना लष्कराच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नेण्यात आलं. इतिहासात हे पथक 'हिमेयुरी' म्हणून ओळखलं जातं. मुली १५ ते १९ वर्षांच्या. हे रुग्णालय म्हणजे डोंगरात खणलेली भुयारं. जखमींचे कापलेले अवयव बाहेर टाकणं, गोळीबारात पाणी आणणं, मृतदेह पुरणं ही त्यांची कामं होती. १८ जूनला लष्कराने पथक बरखास्त केलं. म्हणजे काय, तर भुयारातून बाहेर पडा आणि आपलं आपण बघा. बाहेर चहूकडून आग ओकली जात होती. २४० पैकी १३६ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यातले बहुतेक या आदेशानंतरच्या काही दिवसांत.

त्याच काळात जपानच्या मुख्य बेटांवर शाळकरी मुली हातकागद खळीने चिकटवून प्रचंड फुगे तयार करत होत्या. त्या फुग्यांना बॉम्ब बांधून ते वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले गेले. नऊ हजारांहून अधिक सोडले. ५ मे १९४५ रोजी ओरेगॉनमध्ये अशाच एका फुग्याने सहा जणांचा बळी घेतला. त्यात पाच मुलं होती. म्हणजे मुलींनी बनवलेल्या शस्त्राने मुलंच मारली. जादूकन्येची चेटकीण होते हे कल्पित या पार्श्वभूमीवर पाहिलं की अंगावर काटा येतो.

हिमेयुरीतल्या वाचलेल्या मुलींनी पुढे काय केलं? मेलेल्या मैत्रिणींची निष्पाप, पवित्र अशी प्रतिमा देशभर पसरली होती. सिनेमेही निघाले. पण या बायकांनी म्हातारपणी स्वतः पुढाकार घेऊन १९८९ मध्ये संग्रहालय उभारलं आणि भुयारात नेमकं काय झालं ते सांगत राहिल्या. आमच्या मैत्रिणी जिवंत असायला हव्या होत्या, हा त्यांच्या सांगण्याचा अर्थ. मालिकेतली होमुरा मला या साक्षीदारांच्या जातीची वाटते. मादोकाच्या त्यागाचं कौतुक तिला नको असतं, तिला मादोका हवी असते.

बलस्थान तिसरं : मांडणी

दिग्दर्शक आकियुकी शिनबो, लेखक गेन उरोबुची, संगीतकार युकी काजिउरा आणि 'शाफ्ट' हा स्टुडिओ. पात्रांचे गोल, गोड चेहरे उमे आओकी यांचे. चेटकिणींच्या अड्ड्यात शिरलं की चित्रशैलीच बदलते. कात्रणं, लेस, बटणं, जुन्या पुस्तकांतली चित्रं चिकटवून केलेलं ते जग 'इनू करी' या जोडगोळीचं. गोड चेहरे आणि हे भयाण कोलाज एकत्र आल्यामुळे प्रेक्षकही मुलींइतकाच गाफील सापडतो.

एक गोष्ट मात्र निर्मात्यांच्या हातातली नव्हती. दहावा भाग ओसाकाच्या वाहिनीवर १० मार्च २०११ च्या रात्री उशिरा दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ईशान्य जपानला ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून जास्त. शेवटचे दोन भाग थांबवले गेले आणि २१ एप्रिलच्या रात्री एकत्र दाखवले. अकराव्या भागात सगळं शहर महावादळाच्या इशाऱ्यामुळे निवारा केंद्रात जमलेलं आहे. मादोका बाहेर जायला निघते आणि आई तिला अडवते. हे लिहिलं आधीच गेलं होतं. पण पाहणाऱ्या देशात तेव्हा खरोखर हजारो कुटुंबं अशीच शाळांच्या सभागृहांत झोपत होती. त्याच वर्षीच्या जपान माध्यमकला महोत्सवात ॲनिमेशन विभागाचं सर्वोच्च पारितोषिक या मालिकेला मिळालं.

आता कच्चे दुवे

आधी लहान दोष. क्योको आणि सायाका सुरुवातीला एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात. तीनचार भागांत क्योको सायाकासाठी प्राण देते. दृश्य उत्तम आहे, पण त्यासाठीची वाट नीट बांधलेली नाही. बारा भागांच्या मर्यादेत इथे धावपळ झाली आहे.

दुसरं, मोठ्यांचं जग जवळपास गायब आहे. आईचं पात्र सुरेख उतरलंय, मान्य. पण मुली मरतात, हरवतात आणि शहर जेमतेम खांदे उडवतं. होमुरा तर लष्कराच्या साठ्यातून रॉकेट, उखळी तोफा, क्षेपणास्त्रं उचलून नेते. अहो, आमच्याकडे शस्त्रागारात एक काडतूस कमी भरलं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि आख्ख्या पलटणीची झोप उडते! काळ थांबवता येतो म्हणून उचलणं जमलं, पण नंतरच्या मोजणीचं काय? मात्र अकराव्या भागातली तिची एकटीची लढाई, आधी हेरून ठेवलेली ठिकाणं, टप्प्याटप्प्याने वाढवलेला मारा, हे सगळं पाहताना जुना फौजी म्हणून मजा आली हे मान्य करतो.

तिसरा दोष इतिहासाचा आहे आणि तो मला जास्त खटकतो. क्यूबे सांगतो की मानवाच्या प्रगतीमागे हजारो वर्षं जादूकन्यांच्या इच्छा होत्या. शेवटच्या भागांत क्लिओपात्रा आणि जोन ऑफ आर्क यांच्यासारख्या आकृती दिसतात. कल्पना चमकदार आहे. पण नऊ भाषा जाणणारी, रोमच्या तोंडासमोर आपलं राज्य वीसेक वर्षं टिकवणारी राणी इथे एका परग्रहावरच्या प्राण्याची ग्राहक ठरते. जोनला १४३१ मध्ये जाळलं ते माणसांनी, न्यायालय भरवून, कागदोपत्री निकाल देऊन. तो गुन्हा क्यूबेच्या खात्यावर लिहिला की माणसं सुटतात. आणि हेही पाहा, ज्या धर्मसंस्थेच्या न्यायालयाने तिला दोषी ठरवलं, त्याच धर्मसंस्थेने १९२० मध्ये तिला संतपद दिलं. आधी जाळायचं, मग पूजायचं. इथून मी माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो.

देवी बनवण्याची घाई

मालिका अकरा भाग ओरडून सांगते की मुलींच्या त्यागावर चालणारी व्यवस्था अन्यायाची आहे. बाराव्या भागात मात्र ती अन्याय मिटवायला आणखी एका मुलीचा, सर्वांत मोठा त्याग मागते. वर तिला पांढऱ्या वस्त्रातली देवी करते. संगीत इतकं सुंदर आहे की डोळे भरून येतात. पण डोळे पुसून हिशेब करा. क्यूबे जागेवर आहे. करार चालूच आहेत. मुली अजूनही लढतात, फक्त चेटकिणींऐवजी दुसऱ्या भुतांशी. शेवटी त्या चेटकीण न होता शांतपणे विरून जातात, एवढीच सवलत. आणि आईला मुलगी होती हे आठवतसुद्धा नाही.

जयपूरला बसून हे पाहताना मला देवराला आठवणारच. सीकर जिल्ह्यातलं हे गाव इथून दोन तासांच्या आत येतं. ४ सप्टेंबर १९८७ रोजी तिथे अठरा वर्षांची रूप कंवर पतीच्या चितेवर जळाली. माहेर जयपूरचं, लग्नाला जेमतेम आठ महिने. स्वेच्छेने की जबरदस्तीने, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. पण पुढचं सगळं निर्विवाद आहे. उच्च न्यायालयाने मनाई केलेली असताना १६ सप्टेंबरला तिथे चुनरी सोहळा झाला. प्रचंड जनसमुदाय लोटला, तिच्या नावाचा जयजयकार झाला, तसबिरी विकल्या गेल्या. दोन आठवड्यांत एक सून देवी झाली. जयपूरच्या रस्त्यांवर महिलांनी निषेधाचा मोर्चाही काढला, हे विसरू नये. त्यानंतर केंद्राने जो सती प्रतिबंधक कायदा केला त्यात सतीच्या उदात्तीकरणालाही एक ते सात वर्षांची शिक्षा ठेवली. कायदा करणाऱ्यांना नेमकं कळलं होतं की चिता पेटवणाऱ्याइतकाच तिच्यावर देऊळ बांधणारा जबाबदार असतो, कारण तो पुढच्या मुलीची भरती करत असतो.

मादोका आणि रूप कंवर यांची तुलना मी करत नाही. एक कल्पित आहे, एक हाडामांसाची होती. मी तुलना करतोय ती पाहणाऱ्यांची. मुलगी देवी झाली की तिला दुसरा काय पर्याय होता हे विचारणं आपण थांबवतो. मालिकेच्या शेवटाने माझ्या मनातला तो प्रश्न क्षणभर थांबवला, म्हणून तो शेवट मला कच्चा वाटतो. निर्मात्यांनाही तो पुरता संपलेला वाटला नसावा. २०१३ च्या 'रिबेलियन' चित्रपटात होमुरा मादोकाला देवत्वातून ओढून पुन्हा साधी मुलगी करते, आणि त्यासाठी स्वतः खलनायिका व्हायलाही तयार होते.

कुम्हेरचा धडा

आपल्या मराठी इतिहासात या प्रश्नाचं एक उत्तर आहे आणि ते राजस्थानच्याच भूमीवर मिळालं. भरतपूर आणि डीग यांच्यामध्ये कुम्हेर आहे. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या त्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असताना खंडेराव होळकर मारले गेले. अहिल्याबाईंनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी, म्हणजे एकुलता एक मुलगा नुकताच गमावलेल्या सासऱ्याने, त्यांना विनवून थांबवलं. राज्यकारभार शिकवला, हिशेब आणि पत्रव्यवहार सोपवला.

त्या दिवशी त्या चितेवर चढल्या असत्या तर एक छत्री उभी राहिली असती आणि वर्षातून एकदा फुलं वाहिली गेली असती. त्या थांबल्या म्हणून पुढची एक्केचाळीस वर्षं मिळाली. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. महेश्वरची विणकरी, काशीविश्वनाथाचं मंदिर, देशभरचे घाट, विहिरी, धर्मशाळा ही सगळी त्या वाचलेल्या आयुष्याची कमाई. लोकांनी त्यांनाही पुढे देवीपद दिलंच. पण ते जगून केलेल्या कामाचं होतं.

मादोकाच्या जगात मल्हारराव नाहीत, ही त्या जगाची खरी उणीव. आई आहे, तिचं प्रेमही आहे, पण ती निवारा केंद्राच्या जिन्यावर अखेर मुलीला जाऊ देते. कारण मुलीने तिला काहीच सांगितलेलं नाही, आणि क्यूबेचा सगळा डाव त्याच न सांगण्यावर चालतो.

तेव्हा माझं मत असं. मालिका जरूर पाहा. करार, भरती आणि निराशा यांचं इतकं धारदार चित्रण दुर्मीळ आहे. लहान मुलांना मात्र चित्रं गोड आहेत म्हणून दाखवू नका. पंधरासोळाच्या पुढच्या मुलामुलींबरोबर बसून पाहा आणि शेवटचा भाग संपल्यावर टीव्ही बंद करून त्यांना एक प्रश्न विचारा : मादोकाला हे करावं लागू नये म्हणून कुणी, कधी, काय करायला हवं होतं? माझ्या नातीने आणि मी त्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद घातला आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिच्या मते शेवट बरोबर आहे, कारण मादोकाने सगळी माहिती हातात घेऊन, स्वतःच्या अटींवर सही केली. असा करार करणारी ती पहिलीच. मुद्दा वजनदार आहे. तुम्हीही विचार करा.

पुढच्या भागात आपण पुन्हा नकाशा उघडू आणि कुम्हेरच्याच वेढ्याकडे वळू. तोवर काळजी घ्या. जय हिंद!